चांदीच्या तारांवर चढणारं पुट: कोलॉइडल सिल्व्हर करताना इलेक्ट्रोड काळे का पडतात आणि काय करावं

काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, त्यात चांदीच्या दोन तारा आणि २४ व्होल्टचा डीसी पुरवठा. कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण तरंगणाऱ्या पाण्याची, घरगुती मांडणी एवढीच असते. अर्ध्या-पाऊण तासात एक तार काळपट तपकिरी होते, दुसरीवर करडी लव उगवते आणि तळाशी बारीक पूड बसते. बहुतेक जण मग तारा काढून खसाखसा घासतात, परत लावतात, आणि पुढच्या खेपेला तेच. पुटाचा रंग काय, ते कोणत्या तारेवर आहे आणि पुसल्यावर कसं सुटतं, हे आधी बघितलं तर बिघाड प्रवाहात आहे, पाण्यात आहे की चांदीत, हे बहुधा तिथेच कळतं. घासायचं काम त्यानंतरचं.

हे पाणी प्यायचं नाही

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घरी कोलॉइडल सिल्व्हर करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ते पिण्यासाठीच करतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. घरच्या मांडणीत सहज तयार होणारं १० पीपीएमचं (लिटरला १० मिलिग्रॅम चांदीचं) पाणी त्या मर्यादेच्या शंभरपट असतं. शरीरात गेलेली चांदी त्वचेत साठते, उजेडाने काळवंडते आणि कातडी निळसर करडी होते. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. तो रंग कायमचा असतो, कुठल्या गोळीने उतरत नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये, वायटूकेच्या (२००० साल लागताना संगणक बंद पडण्याच्या) गोंधळात अँटिबायोटिक्स मिळेनाशी होतील या भीतीने, असं पाणी घरी करून प्यायला सुरुवात केली. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा निळसर चेहरा ही जगभरची बातमी झाली. १९९९ मध्येच अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) कोलॉइडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम काढला. शिवाय थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स यांचं शोषण चांदीमुळे कमी होतं. जखमेवर, डोळ्यांत, नाकात किंवा वाफेतूनही हे घरचं पाणी वापरू नका.

मग करायचं कशाला? फॅरडेचा नियम (जेवढी वीज वाहते त्या प्रमाणात धातू सुटतो) हातातल्या मिलिअँपिअरवर ताडून पाहायला, लेझरच्या रेषेत टिंडाल परिणाम (पाण्यातल्या कणांवर उजेड विखुरल्याने रेषा दिसणं) दाखवायला, चांदीचे नॅनोकण पिवळे का दिसतात हे प्रयोगाने समजून घ्यायला. अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय छान आहे. पुढचं सगळं त्या कामासाठी.

पाण्यात काय चाललेलं असतं

प्लसच्या तारेवरून चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन मागे टाकून आयन होऊन पाण्यात उतरतो. मायनसच्या तारेवर पाणी फुटतं, हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हायड्रॉक्साइड प्लसकडे ओढला जातो, चांदीचा आयन मायनसकडे. पुटाची सगळी गोष्ट या दोन उलट्या प्रवासांत आहे.

हायड्रॉक्साइडची चांदीशी जिथे गाठ पडते तिथे सिल्व्हर हायड्रॉक्साइड तयार होतं. ते टिकत नाही, लगेच पाणी सोडून सिल्व्हर ऑक्साइड होतं. हेच ते काळपट तपकिरी पुट. सिल्व्हर ऑक्साइड पाण्यात फार थोडं विरघळतं: २० अंशांना लिटरला साधारण १३ मिलिग्रॅम, २५ अंशांना साधारण २५. म्हणजे भांड्यातल्या सगळ्या पाण्याचा विचार केला तर १५-२० पीपीएमच्या पुढे साध्या पाण्यात चांदी आयन म्हणून राहायला तयार नसते. प्लसच्या तारेला लागून असलेल्या पातळ थरात तर ही मर्यादा कितीतरी आधी ओलांडली जाते, कारण तिथे चांदी सुटत असते आणि पसरायला तिला वेळ मिळत नाही. दुसरीकडे, मायनसपर्यंत पोचलेले काही चांदीचे आयन इलेक्ट्रॉन परत घेऊन धातू होतात आणि तारेवर बसतात. ही करडी लव शुद्ध चांदीचीच असते.

थोडं पुट त्यामुळे कोणत्याही मांडणीत येणारच. ते अजिबात येऊ नये म्हणून धडपडू नका. मात्र पंधरा मिनिटांत तार कोळशासारखी झाली, पाणी दुधाळ झालं किंवा हिरवट छटा आली, तर काहीतरी चुकलंय.

रंग बघून निदान

*प्लसच्या तारेवर काळपट तपकिरी, बोटाने पुसलं जाणारं पुट.* सिल्व्हर ऑक्साइड. हलकासा, समान थर नेहमीचाच. जाड, पापुद्रे सुटणारा असेल तर प्रवाह तारेच्या मानाने जास्त आहे किंवा पाणी ढवळलं जात नाही. थर फक्त टोकाशी आणि दुसऱ्या तारेकडे तोंड असलेल्या बाजूला जाड असेल, तर तारा फार जवळ आहेत किंवा समांतर नाहीत.

*मायनसच्या तारेवर करडी ते काळी लव, शेवाळासारखी लोंबणारी.* धातूरूप चांदी. कण इतके बारीक असतात की उजेड शोषून घेतात, म्हणून चांदी असूनही काळी दिसते. खात्री करायची असेल तर थोडी लव सुकवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने काचेवर दाबून घासा. पांढरी चकाकी उमटली की चांदी. ऑक्साइड असेल तर नुसता तपकिरी डाग पडतो. ही लव वाढत प्लसच्या तारेपर्यंत पोचली की शॉर्ट होतो, आणि प्रवाहाला लगाम नसेल तर क्षणात पाणी गढूळ.

*पाण्यात पांढरट ढग, तारांवर पांढरा किंवा जांभळट करडा थर.* क्लोराइड. चांदी आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा साका होतो. तो विरघळत नाही आणि उजेडात जांभळट पडतो. दोष पाण्याचा, किंवा भांडं नळाच्या पाण्याने धुऊन तसंच वापरल्याचा. घामाच्या बोटांनी तार धरली तरी तेवढं मीठ पुरतं.

*मायनसवर पांढरी, खरखरीत, दगडी खपली.* यात चांदी नसतेच. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे; मायनसपाशी पाणी अल्कधर्मी झालं की त्यांचे कार्बोनेट-हायड्रॉक्साइड तिथे बसतात. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार. बोअरचं किंवा अर्धवट गाळलेलं पाणी वापरलंत, एवढाच अर्थ.

*हिरवट, निळसर छटा.* तांबं. एक तर तार ९२५ ची आहे (तिच्यात सहसा ७.५ टक्के तांबं असतं), नाही तर क्रोकोडाइल क्लिपवर पाणी चढलंय. क्लिप साध्या लोखंडाची असेल तर गंजाचा नारिंगी डाग येईल. दोन्ही वेळा ते पाणी फेकायच्या लायकीचं, प्रयोगाचे आकडेही रद्द.

*वापर नसतानाच काळी पडलेली तार, पुसून न जाणारा गुळगुळीत काळा रंग.* सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे होणारा चांदीचा नेहमीचा काळेपणा. देव्हाऱ्यातली चांदीची समई काळी पडते तोच प्रकार. विजेशी याचा संबंध नाही.

*पाण्याच्या रेषेशी काळं कडं आणि तिथेच तार बारीक होणं.* पाणी, हवा आणि चांदी एकत्र येतात त्या जागी झीज असमान होते. रोज एकाच खोलीवर तार बुडवली की कालांतराने तिथूनच तुटते. दर खेपेला खोली पाच-सात मिलिमीटरने बदला.

पाणी

टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर) ० किंवा १ दाखवणारं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घ्या. घरच्या आरओचं पाणी चालत नाही. त्यात बहुधा ३० ते १०० पीपीएम क्षार शिल्लक असतात, काही यंत्रं तर चवीसाठी मुद्दाम खनिजं परत मिसळतात. गॅरेजमध्ये आणि पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी एखाद्या कॅनमध्ये उत्तम असतं, पुढच्या कॅनमध्ये १५ पीपीएम निघतं. प्रत्येक कॅन मोजूनच उघडा. एसीमधून गळणारं पाणी म्हणजे फुकटचं डिस्टिल्ड वॉटर असं अनेकांना वाटतं. ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही ते घालू नये, मग इथे तर नाहीच.

मीटर शून्य दाखवत असला तरी क्लोराइडचा माग उरू शकतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असेल तर परीक्षानळीत दोन थेंब टाकून काळ्या कागदासमोर धरा. धुरकटपणा आला तर ते पाणी बाजूला ठेवा.

प्रवाह लवकर सुरू व्हावा म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचा सल्ला सर्रास फिरतो. त्याने विजेचा प्रवाह वाढतो खरा, पण तयार होतं ते सिल्व्हर क्लोराइड. पुटाच्या तक्रारींत मिठाच्या चिमटीचा वाटा मोठा आहे. सुरुवात फारच संथ वाटली तर मागच्या खेपेचं गाळलेलं २०-३० मिलिलिटर पाणी मिसळा, तेवढं पुरतं.

तार

९९९ टंचाची (९९.९ टक्के शुद्ध) तार हवी. सराफाकडे मागताना ‘चोख चांदीची तार, झाळण नको’ असं स्पष्ट सांगा, आणि टंच काढलेली चिठ्ठी मागा. जुने पैंजण किंवा नाणी वितळवून केलेल्या तारेत तांबं राहतं, झाळणात तांबं-जस्त असतं. साधी चाचणी सराफच करून देतो: तारेचं टोक तापवून मंद लाल केलं तर चोख चांदी थंड झाल्यावर पांढरीच राहते, तांबं असेल तर काळी पडते.

२ मिलिमीटर जाडीची, १५ सेंटिमीटर लांबीची तार साधारण ५ ग्रॅम भरते. अशा दोन घ्या. टोकं बारीक कानशीने गोल करा, कारण टोकदार जागी प्रवाह एकवटतो आणि पुटाची सुरुवात तिथेच होते. तार सरळ करताना पक्कडीच्या दातांचे ओरखडे पडू देऊ नका. दोन गुळगुळीत लाकडी पट्ट्यांमध्ये ठेवून लाटली की ती सरळ होते.

प्रवाहाला लगाम

पुट कमी करणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि खर्च एका रोधाचा (रेझिस्टरचा).

वर सांगितलेल्या तारा १० सेंटिमीटर बुडवून ४ सेंटिमीटर अंतरावर ठेवल्या आणि पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला २ मायक्रोसीमेन्स असली, तर २४ व्होल्टला हिशेबाने ०.४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. चांदी उतरू लागली की वाहकता चढते. १० पीपीएमपर्यंत पोचेस्तोवर ती २० च्या पुढे जाते आणि प्रवाह ४-५ मिलिअँपिअर होतो. म्हणजे ऐन शेवटी, पाणी आधीच चांदीने भरत आलेलं असताना, चांदी दहापट वेगाने ओतली जात असते. सुरुवातीला स्वच्छ दिसणारी खेप शेवटच्या पंधरा मिनिटांत काळी होते ती यामुळे. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या थेट जोडणाऱ्यांना हाच अनुभव येतो.

उपाय: २४ व्होल्टच्या अडॅप्टरला मालिकेत २२ किलोओहमचा पाव वॅटचा रोध लावा. तारा एकमेकींना चिकटल्या तरी प्रवाह १.१ मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्या रोधाच्या दोन टोकांना लावा. २२ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर, ११ व्होल्ट म्हणजे अर्धा. वेगळा अँमीटर नको.

ज्यांना प्रवाह आणखी स्थिर हवा आहे त्यांनी एलएम ३३४ (प्रवाह स्थिर ठेवणारा छोटा आयसी) वापरावं. त्याच्या ‘आर’ आणि ‘व्ही मायनस’ या पायांमध्ये ६८ ओहम लावला की ते १ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह धरून ठेवतं. ते ३० व्होल्टपर्यंतच चालतं, त्यामुळे चौथी बॅटरी जोडू नका. एलएम ३१७ (नेहमीचा व्होल्टेज रेग्युलेटर) इथे जमत नाही. त्याला नीट चालायलाच काही मिलिअँपिअर किमान प्रवाह लागतो, आणि आपलं सगळं काम एका मिलिअँपिअरमध्ये आहे.

प्रवाह किती असावा हे तारेच्या ओल्या पृष्ठभागावर ठरतं. २ मिलिमीटरची तार १० सेंटिमीटर बुडाली की सुमारे ६.३ चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळतं. १ मिलिअँपिअरला हे चौरस सेंटिमीटरमागे ०.१६ मिलिअँपिअर पडतं. ०.२ च्या आत राहिलं की पुट आटोक्यात असतं. घाई असेल तर प्रवाह वाढवू नका, जाड किंवा चपटी पट्टी घेऊन पृष्ठभाग वाढवा. १ मिलिमीटरची तार घेतलीत तर त्याच प्रवाहाला घनता दुप्पट होते, हे विसरलं जातं.

अडॅप्टर चांगला, मेनपासून विलग असलेला हवा. २३० व्होल्टच्या सॉकेटमधून डायोड लावून थेट डीसी काढायचे उद्योग जिवावर बेततात. हायड्रोजनची मात्र काळजी नको, १ मिलिअँपिअरला तासाभरात अर्धा मिलिलिटरही सुटत नाही.

एक खेप, पायरीपायरीने

१. काचेचं ५०० मिलिलिटरचं बीकर किंवा बरणी साबणाने धुवा, नळाच्या पाण्याने खळखळा, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा. कापडाने पुसू नका, उपडं ठेवून निथळू द्या.

२. तारा डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या टिश्यूने पुसा. त्यानंतर बुडणाऱ्या भागाला बोट लावायचं नाही.

३. अॅक्रिलिक किंवा जाड प्लास्टिकच्या झाकणाला ४ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा आणि तारा त्यातून समांतर सोडा. क्लिपा झाकणाच्या वर, पाण्यापासून किमान २ सेंटिमीटर लांब. टोकं तळापासून एक सेंटिमीटर उंच असू द्या, म्हणजे तळाच्या गाळाला लागणार नाहीत.

४. पाणी भरा. चुंबकीय स्टरर असेल तर अगदी मंद फिरवा, पृष्ठभागावर भोवरा दिसायला नको. तारेभोवतीचा साचलेला थर हलावा एवढंच काम आहे. माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावू नका; तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात कोंबतो आणि पुटात सिल्व्हर कार्बोनेटची भर पडते.

५. पुरवठा सुरू करून दर दहा मिनिटांनी रोधावरचे व्होल्ट वहीत लिहा.

६. दर पाच मिनिटांनी ध्रुव बदला (खाली सांगितलंय).

७. हिशेबाएवढी चांदी उतरली की बंद करा आणि तारा लगेच बाहेर काढा. पुरवठा बंद करून तारा रात्रभर पाण्यातच ठेवल्या तर सैल झालेली लव आणि पापुद्रे पाण्यात गळतात.

थांबायचं कधी, याचा हिशेब फॅरडेचा. १ मिलिअँपिअर प्रवाह एक तास वाहिला की ४.०२ मिलिग्रॅम चांदी प्लसवरून सुटते. अर्ध्या लिटरला १० पीपीएमसाठी ५ मिलिग्रॅम हवी, म्हणजे १.२४ मिलिअँपिअर-तास. रोधाच्या मांडणीत सरासरी ०.६ मिलिअँपिअर पडला तर दोन तास. सतत १ असेल तर पंच्याहत्तर मिनिटं. प्रत्यक्षात पाण्यात राहिलेली चांदी यापेक्षा कमीच भरते, कारण काही मायनसवर बसते आणि काही पुटात जाते. १५ पीपीएमच्या पुढे जायचा हट्ट धरला की वाढतो तो फक्त गाळ.

टीडीएस मीटरच्या आकड्याला चांदीचे पीपीएम समजू नका. तो वाहकता मोजून मिठाच्या हिशेबाने आकडा दाखवतो, आणि धातूचे कण तर त्याला दिसतच नाहीत. चांदीच्या खऱ्या आकड्याशी त्याचा मेळ बसला तर तो योगायोग.

या पद्धतीत मिळतं ते बहुतांशी आयनरूप चांदीचं पाणी असतं, नाव कोलॉइडल असलं तरी. थोडं पाणी वेगळं काढून त्यात मिठाचा खडा टाका. दाट पांढरा ढग आला तर चांदी आयनांत आहे. खरं कोलॉइड लेझर पॉइंटरची रेषा स्पष्ट दाखवतं आणि फिकट पिवळं दिसतं, कारण १०-२० नॅनोमीटरचे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा उजेड खातात.

ध्रुव बदलणं

प्लस-मायनस आलटून पालटून दिले की मायनसवर साचलेली लव पुढच्या पाळीत स्वतःच प्लस होऊन विरघळते, आणि प्लसवरचं ऑक्साइड मायनस झाल्यावर काही प्रमाणात परत धातू होतं. दोन्ही तारा सारख्या झिजतात, हा वरचा फायदा. सहा पायांचा डीपीडीटी स्विच घ्या. मधल्या दोन पायांना पुरवठा, एका टोकाच्या दोन पायांवरून तारांकडे, आणि त्याच दोन पायांवरून तिरपे दोन वायर दुसऱ्या टोकाच्या पायांना. स्विच एका बाजूला केला की सरळ, दुसऱ्या बाजूला केला की उलट.

दर मिनिटाला बदललं तरी चालतं, टायमर रिलेचं मॉड्यूल असेल तर सोपं जातं. त्याहून फार वेगाने बदलू नका. चांदी बाहेर पडते आणि लांब जायच्या आतच परत बसते, वेळ फुकट. शिवाय बदलाच्या वेळी सैल पुट सुटून पाण्यात पडतं, त्यामुळे ध्रुव बदलल्याने तारा स्वच्छ दिसल्या तरी तळाचा गाळ वाढू शकतो. प्रवाह आधी आवरा, ध्रुव बदलणं त्याच्या मदतीला.

खर्च वाचवायला काही जण मायनसला स्टेनलेस स्टीलची सळई लावतात. कायम मायनसच राहिली तर ती झिजत नाही. पण त्या मांडणीत ध्रुव कधीच बदलायचा नाही, कारण प्लस झाल्यावर स्टीलमधलं लोखंड, निकेल, क्रोमियम पाण्यात उतरतं.

तारा साफ करताना

ओल्या असतानाच पुसा. ऑक्साइड वाळलं की दुप्पट जोर लागतो. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेलं चष्म्याचं मऊ कापड तारेच्या लांबीच्या दिशेने फिरवा. नव्वद टक्के काम यातच होतं.

चिकटून राहिलेल्या तपकिरी पुटासाठी तार साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं बुडवा. सिल्व्हर ऑक्साइड अॅसिटिक अॅसिडमध्ये विरघळतं, धातूला काही होत नाही. मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. लव धातूची असल्याने व्हिनेगरने जात नाही, ती पुसूनच काढायची.

सल्फाइडच्या काळेपणासाठी काचेच्या वाडग्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, पाव लिटर कढत पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा घाला, आणि तार फॉइलला टेकेल अशी ठेवा. दोन-पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. बहुतेक ठिकाणी यात मीठही घालायला सांगतात. दागिन्यांना ठीक, इथे नको.

घरात चांदी घासायची जी जी साधनं असतात त्यातली बहुतेक इथे निकामी आहेत. रांगोळी, टूथपावडर, पितांबरीसारखी पूड, चिंच-मीठ, हिरवी घासणी: भांड्यांना ती चकाकी देतात, पण तारेवर बारीक ओरखडे पाडून त्यात आपले कण किंवा क्लोराइड ठेवून जातात, आणि खरखरीत पृष्ठभागावर पुढचं पुट आणखी लवकर धरतं. स्टील वूलने लोखंडाचे तुकडे रुततात. अगदीच घासावं लागलं तर पांढरा, मऊ नायलॉनचा पॅड.

अमोनियाने सिल्व्हर ऑक्साइड झरझर विरघळतं, म्हणून काही जण तो सुचवतात. घरी हे करूच नका. चांदीचं अमोनियातलं द्रावण ठेवून दिलं की त्यात सिल्व्हर नायट्राइडसारखी, नुसत्या हलवण्याने फुटणारी स्फोटक संयुगं बनू शकतात.

पुसलेल्या पुटाचा गाळ आणि पहिलं धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. चांदी जलचरांना आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना घातक असते. एका बाटलीत साठवा, मिठाचं पाणी घालून चांदी खाली बसवा, आणि साठा मोठा झाला की चांदी गाळणाऱ्याकडे द्या.

तारा पूर्ण सुकवून, सिलिका जेलच्या पुडीसह झिप लॉकच्या पिशवीत ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, आणि दोन्ही तारांना रबरबँड तर मुळीच लावू नका. रबरात गंधक असतं. आठवड्याभरात जिथे रबर टेकलं होतं तिथे काळी रेघ उमटते.

झीज किती होते हेही बघत राहा. ५ मिलिग्रॅमच्या खेपेने ५ ग्रॅमची तार २ मिलिमीटरवरून दीड मिलिमीटर व्हायला शेकडो खेपा लागायला हव्यात. दहा-पंधरा खेपांतच तार डोळ्यांना बारीक दिसू लागली तर रोधाची किंमत आणि तुमचा वेळेचा हिशेब पुन्हा तपासा, चांदी पाण्यात कमी आणि गाळात जास्त जातेय. १ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या तारा मोडीत द्या आणि त्या वजनाची नवी घ्या.